लूव्र दोन तासांत 'उरकू' म्हणे!

दरवेळी तेच. पॅरिसचं ठरलं की आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "लूव्र दोन तासांत उरकू, मग आयफेल." उरकू! अहो, त्या संग्रहालयात साधारण ३५,००० कलाकृती मांडल्यात. प्रत्येकीकडे एकच सेकंद बघितलं तरी साडेनऊ तासांच्या वर जातात.

बरं, निदान वार तरी बघा. लूव्र मंगळवारी बंद, पॅरिसचंच दुसरं संग्रहालय ओर्से सोमवारी. तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा अंगठे आले. आणि मग झळकला अंतिम कार्यक्रम : 'मंगळवार सकाळ – लूव्र.' वेळेचं तिकीट आधी काढू म्हटलं, तर "तिथे जाऊन बघू ना." काय बघणार? रांग?

आत शिरलं की सगळे मोनालिसाकडे पळत सुटतात. चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटीमीटर, तेही काचेआड, आणि मध्ये वर धरलेल्या मोबाईलचं जंगल. तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या इटालियन चित्रकाराचं १५६३ सालचं 'काना इथलं लग्न', जवळजवळ दहा मीटर रुंद! पंगत बसलीय, वादक रंगात आलेत, पुढ्यात कुत्रीसुद्धा आहेत. आणि अख्खी गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी.

मागच्या खेपेला मी तिथे जरा रेंगाळलो, तेवढ्यात फोन. "अरे कुठे अडकलास? आम्ही केव्हाचे बाहेर आलोय, पाय दुखतायत."

परवा पुन्हा ग्रुप बनलाय. कार्यक्रम आलाय. मंगळवारच.