झाडू राहू द्या, बाटली हातात घ्या

काहींना वाईट वाटेल, तरी लिहितो. प्लास्टिक वेचून नदी जिवंत होत नाही. मी स्वतः कित्येक रविवार हातमोजे घालून ते काम केलंय, आणि तेव्हा सोबत आलेल्या प्रत्येकाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पोतीच्या पोती भरून गेली आणि पाणी काळं ते काळंच राहिलं. नदीचा जीव जातो तो मुख्यतः पाण्यात मिसळलेल्या मैल्याने. तो कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. बहुतेक माशांना सुखाने जगायला तो लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम तरी लागतो.

हा प्राणवायू तपासायची एक चाचणी आहे, विंकलर पद्धतीची. ती एकदा स्वतः करून बघा. काचेची बाटली पाण्यात बुडवून काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेट, पाठोपाठ अल्कली-आयोडाइड, बूच घट्ट लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. आम्ही पुलाखाली भरलेल्या बाटलीत साका पांढरा आला. शेजारी उभी असलेली कॉलेजची मुलगी म्हणाली, "काका, म्हणजे काहीच नाही?" काहीच नव्हतं. माझ्या घशात आवंढा आला.

आणि ही चाचणी पहाटे करा. दुपारी उन्हात शेवाळ प्राणवायू सोडत असतं, तेव्हा मेलेली नदीही बरी दिसते. कुणी भर दुपारचे आकडे दाखवून नदी सुधारली म्हणालं, तर पहाटेचे मागा.

दुसरं काम पायपिटीचं. आठवडाभर पाऊस नसताना काठाने चालत जायचं आणि पावसाळी गटारांची तोंडं बघायची. कोरड्या दिवसांत त्यातून फेसाळ, करडं, वास मारणारं पाणी येत असेल, तर वर कुठेतरी ड्रेनेज चुकीच्या लाईनला जोडलंय किंवा तुंबून तिकडे वळलंय. मैलाशुद्धीकरण केंद्र कितीही मोठं बांधा, हे पाणी तिथवर पोचतच नाही. आमच्या पहिल्या दोन अर्जांना संबंधित कार्यालयातून उत्तरच आलं नाही. तिसऱ्या वेळी प्रत्येक तोंडाचा फोटो, तारीख, वेळ आणि प्राणवायूचा आकडा जोडला, तेव्हा माणूस जागेवर आला आणि झाकणं उघडली गेली.

अमेरिकेत बॉस्टनच्या चार्ल्स नदीवर हे फार चिकाटीने झालंय. १९९५ पासून तिथले स्वयंसेवक दर महिन्याला ठरलेल्या ठिकाणांहून नमुने घेतात. त्याच वर्षी सरकारी पर्यावरण संस्थेने नदीला प्रगतिपुस्तक द्यायला सुरुवात केली आणि पहिली श्रेणी आली 'डी'. मैल्याच्या चोरट्या आणि चुकीच्या जोडण्या शोधून तोडत गेले, तसतशी श्रेणी 'बी'च्या घरात पोचली. २०१३ मध्ये लोक तिथे जाहीरपणे पोहले. लंडनची थेम्ससुद्धा १९५७ मध्ये मृत मानली गेली होती. आज तिच्यात सील दिसतात.

पंजाबातल्या काली बेईंचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल आणि गावकरी १६० किलोमीटर लांबीच्या त्या नदीत उतरले आणि हातांनी जलपर्णी काढायला लागले. तेवढ्यावर थांबले असते तर जलपर्णी पुन्हा माजली असती, कारण सांडपाणी हेच तिचं खत. त्यांनी गावोगावचं सांडपाणी अडवून तळ्यांत घेतलं आणि प्रक्रिया करून शेतांना द्यायला लावलं. म्हणून ते काम टिकलं.

याउलट जिथे आधी घाट, दिवे आणि काँक्रीटच्या भिंती होतात आणि गटारांचं 'नंतर बघू' म्हणतात, तिथे माझा ठाम विरोध आहे. काठावरचा चिखल, गवत, झाडांची मुळं हे नदीचं अंग आहे. भिंत घातली की पाणी काठात मुरत नाही आणि पुराला पसरायला जागा उरत नाही.

मैला शुद्ध करणं हे सरकारचं काम आहे, ते आपण अंगावर घेऊ नये. ते होतंय का, हे दर महिन्याला मोजणं मात्र आपल्याला नक्की जमतं.

आमच्या यादीतली बरीच तोंडं अजून बघायची राहिलीत. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला निघतोय. उंच बूट घाला, बॅटरी आणा. बाटल्या आणि रसायनं आमच्याकडे आहेत.