तिकडं सरकार किती देतं?

गेल्या डिसेंबरात अमेरिकेहून गावी गेलो तेव्हा सवयीने वाचनालयात डोकावलो. दुपारी चारची वेळ. दोन आजोबा पेपरला, आणि एक मुलगा पोलीस भरतीच्या गाइडात पेन्सिलीने खुणा करत बसलेला. ग्रंथपाल काकांनी खुर्ची पुढे सरकवली, चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या तिकडं सरकार किती देतं रे वाचनालयाला?"

"फार नाही काका. एकूण खर्चातला अगदी थोडा हिस्सा."

त्यांना ते पटलं नाही. "मग चालतं कसं?"

चहा संपेपर्यंत मला हे नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

बारा वर्षं झाली, मी मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टनपासून तासाभरावरच्या एका गावात राहतो. वस्ती वीसेक हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या लहानशा तालुक्याच्या गावाएवढी. इथल्या सार्वजनिक वाचनालयाचा खर्च गाव करतं, घरपट्टीतून. राज्याचं एक मंडळ आहे, मॅसॅच्युसेट्स बोर्ड ऑफ लायब्ररी कमिशनर्स. ते १८९० सालचं, अमेरिकेत अशा प्रकारचं पहिलं. ते दरवर्षी गावाला थोडे पैसे देतं, पण अटी घालून. गावाने मागच्या तीन वर्षांत वाचनालयावर केलेल्या तरतुदीची सरासरी काढायची, त्यावर अडीच टक्के वाढवायचे आणि निदान तेवढी रक्कम यंदा द्यायची. वाचनालय ठरलेले तास उघडं हवं: दोन हजारांखालच्या वस्तीला आठवड्याला १० तास, आमच्यासारख्या गावाला ५०. खर्चातला ठरावीक वाटा पुस्तकं वगैरे साहित्यावरच जायला हवा, मोठ्या शहरात १२ टक्के, अगदी लहान गावात २० च्या आसपास. आणि शेजारच्या गावचा माणूस आला तर त्यालाही पुस्तक द्यायचं.

यात सगळ्यात बोलकी आहे ती न पाळण्याची शिक्षा. राज्याचे पैसे जातात ही त्यातली किरकोळ बाजू. गावाची मान्यता गेली की आजूबाजूची वाचनालयं तिथल्या रहिवाशांना पुस्तक नाकारू शकतात. म्हणजे नगरसभेत बजेटला कात्री लावणाऱ्याला दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच घरात उत्तर द्यावं लागतं. राज्य थोडेच पैसे टाकतं, पण त्या थोड्याच्या जोरावर गावाला आपला वाटा मागे घेऊ देत नाही. माझ्या मते या मंडळाचं खरं काम हे आहे. बाकीची कौतुकं नंतर.

कौतुकंही आहेत म्हणा. एकट्या गावाला न परवडणाऱ्या गोष्टी राज्य सगळ्यांसाठी मिळून करतं. वाचनालयांची जाळी आहेत, त्यांचे सामाईक कॅटलॉग आहेत, आणि प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पुस्तकं घालून गावोगाव फिरणाऱ्या व्हॅन आहेत. घरी बसून पुस्तक मागवायचं, चार-सहा दिवसांत ते आपल्या वाचनालयाच्या कपाटात आपल्या नावाची चिठ्ठी लावून उभं. एक जुना मराठी कथासंग्रह मला असाच मिळाला, राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजातून. आत शेवटचा शिक्का १९८४ चा होता. माझ्याआधी तो कोणी नेला असेल, याचा विचार करण्यात एक रविवार गेला.

सासूबाई सहा महिने राहायला आल्या होत्या. दर मंगळवारी इंग्रजी बोलायच्या वर्गाला वाचनालयात जायच्या. फुकट, नाव सांगितलं की झालं. तिथे एक ब्राझीलच्या बाई आणि एक चिनी आजोबा त्यांचे दोस्त झाले. परत जाताना म्हणाल्या, "तुमच्या गावात मला तेवढी एकच जागा होती, जिथे कुणाची तरी आई म्हणून गेले नाही." आम्हाला हे जरा लागलं, पण खरं होतं.

आता इकडचं दुखणं. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८० पासून एक कायदा आहे, गावाला मालमत्ता कराची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची तर मतदान घ्यावं लागतं. आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी असं मतदान हरलं. शाळा वाचली, वाचनालयाचा रविवार गेला. नगरसभेत एक सद्गृहस्थ उभे राहून म्हणाले, सगळं फोनवर मिळतं, इमारत कशाला? मला वाटलं मी गावच्या पारावरच बसलो आहे. आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ग्रंथालयांना मदत देणारी केंद्रीय संस्थाच कमीत कमी करण्याचा आदेश काढला, तेव्हा २१ राज्यांना कोर्टात जावं लागलं. मॅसॅच्युसेट्स त्यांतलंच. तेव्हा इकडे सगळं आलबेल आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्याकडे वाद कसा चालतो, ते लांबून ऐकत असतो. कर्मचारी म्हणतात, वेतनश्रेणी द्या, अनुदान वाढवा, वाचनालयाचा वर्ग ('अ' ते 'ड') बदलून द्या. समोरचा म्हणतो, अर्धी वाचनालयं कागदावर आहेत. दोघांच्याही पदरी थोडं सत्य आहे. २०१२ मध्ये महसूल खात्याकडून पडताळणी झाली, तिच्यात कागदी वाचनालयं सापडलीही. पण त्यानंतर जी खरी होती, त्यांनी अनुदानवाढीसाठी दहा वर्षं वाट पाहिली. २०२२ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढ मंजूर केली. ऐकायला मोठी, पण 'ड' या सगळ्यात खालच्या वर्गाच्या मुळातल्या रकमेवर टक्के किती का लावा, त्यातून एका माणसाला दरमहा धड पगार देता येत नाही. आमचे काका निवृत्त शिक्षक आहेत, पेन्शनवर जगतात. वाचनालयावर जगणारा माणूस तिथे टिकलाच नसता.

हे सगळं मान्य करूनही मला वाटतं, भांडण अर्धंच चाललं आहे. दोन्ही बाजू फक्त मुंबईकडे बघतात. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने ग्रंथालय संचालनालय उभं राहिलं, अकरा-बारा हजार वाचनालयांना मान्यता मिळाली. लोकांनी वर्गणीतून, देणग्यांतून उभ्या केलेल्या संस्थांना सरकारने हात दिला, ही आपली रीत मला इथल्यापेक्षा जास्त आपली वाटते. पण त्या रीतीत गाव सुटलं. ग्रामपंचायतीने वाचनालयाला एक रुपया दिला नाही तरी तिचं काही अडत नाही. मद्रास प्रांताने १९४८ मध्येच ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर लावला, गोव्यात तर तो दारूवर आहे (दारू पिणाऱ्याने न वाचणाऱ्याचं पाप फेडायचं, असा काहीसा हिशेब असावा). महाराष्ट्राने उपकर लावलाच नाही.

गंमत म्हणजे यातलं काहीच आपल्याला परकं नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बडोद्याला ज्याला आणलं, तो विल्यम बॉर्डन मॅसॅच्युसेट्सच्या शेजारच्या कनेक्टिकटचा ग्रंथपाल होता. तीन वर्षं राहिला, शिक्षणवर्ग चालवला, पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत धाडायची व्यवस्था लावली. आणि पैशाचा नियम? गावाने जेवढे जमवले तेवढेच प्रांत पंचायतीने घालायचे, तेवढेच सरकारने. गावाने आधी खिशात हात घालायचा. मॅसॅच्युसेट्सच्या १८९० च्या कायद्यातही तेच होतं: वाचनालय नसलेल्या गावाला राज्य १०० डॉलरपर्यंतची पुस्तकं देईल, पण गावाने आधी विश्वस्त निवडायचे आणि दरवर्षी काही रक्कम बाजूला काढायची. म्हणजे एका मराठी राजाने शंभर वर्षांपूर्वी जे केलं, ते मी आज इथे राहून नव्याने शिकतो आहे.

म्हणून माझी मागणी जराशी वेगळी आहे. अनुदान वाढवाच, पण त्यासोबत ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात वाचनालयाची ओळ सक्तीची करा, आणि ती कमी झाली तर गावाला कळेल अशी काही किंमत ठेवा. दुसरं, एका तालुक्यातली सगळी वाचनालयं एका यादीत आणा. पुस्तक न्यायला व्हॅन कशाला हवी, एसटी रोज जातेच आहे.

काकांना हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ग्रामसभेत मांडतो." मीही गावच्या ग्रुपवर विचारून ठेवलं, यंदाच्या अंदाजपत्रकात वाचनालयाला किती? दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी एकाने स्टँडवरच्या नव्या हायमास्ट दिव्याच्या उद्घाटनाचा फोटो टाकला. खाली एक्क्याऐंशी अंगठे.