विहिरीत पोहणाऱ्यांनो, समुद्रावर जाकीट घाला

आमच्याकडे चोपड्याच्या मळ्यात पोरांना पोहायला शिकवायची एकच रीत होती. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक काकांच्या हातात, आणि द्यायचं विहिरीत ढकलून. पंधरा-वीस दिवस डबा सुटायचा नाही. गावातली सगळी पोरं डबा बांधूनच शिकली. त्याची कुणालाच लाज वाटली नाही.

फेब्रुवारीत आम्ही घरचे नऊ जण मुंबईहून क्रूझने लक्षद्वीप आणि गोवा करून आलो, तेव्हापासून तो डबा सारखा आठवतोय. ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना सांगतो, पैसे साठवा आणि एकदा जाच. आईने समुद्र पहिल्यांदा पाहिला. सकाळी डेकवर कठड्याला धरून उभी होती, चारी बाजूंना पाणी. म्हणाली, "इतलं पानी, आनि पेवाले एक थेंब नही!" मोठ्या जहाजांवर समुद्राचंच पाणी गोडं करून वापरतात हे सांगितल्यावर तिने हातातला ग्लास दोनदा निरखून पाहिला.

जहाजावरचं खाणं, नाचगाणी, पोहण्याचा हौद, याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते जहाज बंदराला लागल्यावरच्या पाच-सहा तासांबद्दल. कारण खरी मजा तिथे आहे आणि खरा धोकाही तिथेच आहे.

लक्षद्वीपला एवढं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटीने आपल्याला प्रवाळाच्या खडकांमधल्या वाटेने आत नेतात. आतलं पाणी उथळ, शांत, हिरवंनिळं. तळाची वाळू दिसते. काचेचा मुखवटा लावून डोकं पाण्यात घातलं की खाली प्रवाळ, त्यात शिरणारे-निघणारे पिवळे-काळे मासे. मी अर्धा तास डोकं वर काढलं नाही. (प्रवाळावर उभं राहू नका, तो जिवंत असतो. तुकडा उचलून आणणं तर कायद्याने गुन्हा आहे. आमच्याच बोटीतल्या एका बाईंच्या पिशवीतून तिथल्या पोराने तो परत काढून घेतला, बरं झालं.)

आता मुद्दा. माझा भाचा विहिरीत वरून सूर मारणारा, तापीच्या डोहात आरपार जाणारा. त्याने दहा मिनिटांत अंगातलं तरंगवणारं जाकीट (लाइफ जॅकेट) काढून बोटीत टाकलं. म्हणाला, "मामा, हे पाणी तर आपोआप उचलतं." खरं आहे ते. विहिरीचं एक लिटर पाणी एक किलो भरतं, समुद्राचं त्याहून साधारण पंचवीस ग्रॅम जास्त. खाऱ्या पाण्यात अंग हलकं वाटतं, आणि आपण फार चांगले पोहतोय असा समज होतो. पण ओहोटी सुरू झाली होती. आतलं पाणी ज्या वाटेने आमची बोट आली, त्याच वाटेने बाहेर निघालं होतं. विहिरीचं पाणी जागेवर असतं. डोहात पोहलेल्याला भोवरा कळतो, पण असं सगळं पाणीच उठून चाललंय हे आपल्या अंगाला माहीत नसतं. तो हात मारत होता आणि मागे जात होता. मी किनाऱ्यावरून बघत होतो आणि मला वाटत होतं की तो मजेत पोहतोय.

तिथल्या एका मुलाने छोटी होडी वल्हवत नेऊन त्याला आणलं. वाळूवर बसला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. रात्री जेवला नाही. बहिणीला आम्ही हे घरी आल्यावर सांगितलं.

दोन दिवसांनी गोव्यात पाण्यातल्या खेळांचं तिकीट काढलं. मला दिलेल्या जाकिटाचं छातीवरचं बकल तुटलेलं, तिथे सुतळीची गाठ. मी दुसरं मागितलं तर तो माणूस म्हणे, "काका, कमरेइतकंच तर पाणी आहे." मागे रांगेतले लोक घाई करायला लागले. मी नऊच्या नऊ जणांना बाजूला घेतलं आणि पैसे सोडून दिले. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही सोडा.

जाकीट कसं बघायचं तेही सांगतो. सगळे पट्टे लावून घ्या, मग दुसऱ्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर माप मोठं आहे, बदलून घ्या. जहाज सुटताना सगळ्यांना एका ठिकाणी बोलावून जाकिटाची माहिती देतात, तेव्हा जेवणाच्या रांगेत उभे राहू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकाला लागली, बत्तीस माणसं गेली. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांना ही माहिती दिलेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला.

किनाऱ्यावर लाल-पिवळा झेंडा असेल तिथेच पाण्यात उतरा, नुसता लाल असेल तर उतरूच नका. ओढ लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, किनाऱ्याला समांतर आडवे पोहा. ओढीचा पट्टा बहुधा अरुंद असतो. आणि हात वर करून ओरडा.

कोकणातल्या लोकांचा एक हिशेब आहे, तो आपल्याला सहज जमण्यासारखा आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तिथून सहा तासांनी पुरती ओहोटी. एकादशी-चतुर्थी आपल्या घरात कुणाला पाठ नसते? दर सुट्टीत अलिबाग, काशीद, गुहागरकडे आतल्या गावांतली पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात. त्यातली कितीतरी पोहता येणारी असतात. त्या वाचताना मला भाच्याचे पांढरे ओठ दिसतात.

हा हिशेब मुंबई-कोकणपट्टीचा. लक्षद्वीपला तिथल्या माणसालाच विचारायचं, आणि तो म्हणेल तेव्हा बाहेर यायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी निघणार असाल तर तारीख खाली लिहा. कॅलेंडर काढून बसलोय, भरतीची वेळ सांगतो.