जर्मनीचे २७ टक्के नेमके कोणाचे?

युरोपचा एक रंगीत नकाशा अधूनमधून फॉरवर्ड होऊन येतो. प्रत्येक देशावर टक्केवारी: उद्योगात किती लोक कामाला. चेकिया ३७ च्या आसपास, जर्मनी २७, पश्चिमेला सरकाल तसा रंग फिकट. खाली ठरलेला मजकूर: पश्चिम युरोपने कारखान्यांना टाळं ठोकलं, पूर्वेने ते पळवले आणि रुमानियात तर एका वर्षात निम्मे शेतकरी देशोधडीला लागले. आकडे बनावट नाहीत. निष्कर्ष मात्र ओढूनताणून काढलेले आहेत.

आधी 'उद्योग' हा शब्द बघू. जागतिक बँकेच्या तक्त्यात त्यात खाणी, कारखाने, वीज, पाणी आणि बांधकामही येतं. म्हणजे प्रागमध्ये फ्लॅटला प्लास्टर करणारा गवंडी आणि म्लादा बोलेस्लाव्हला श्कोडाचं दार बसवणारा कामगार एकाच रकान्यात. निव्वळ कारखानदारी धरली आणि लोकांना विचारून केलेल्या सर्वेक्षणाऐवजी राष्ट्रीय लेखे, म्हणजे देशाच्या उत्पादन-उत्पन्नाचा सरकारी हिशेब, उघडले, तर जर्मनीचे २७ टक्के १६-१७ वर येतात. एकही कारखाना बंद न पडता.

'पूर्वेने पळवले' म्हणणाऱ्यांनी म्लादा बोलेस्लाव्हचाच इतिहास बघावा. तिथे श्कोडाचे मूळ संस्थापक लॉरिन आणि क्लेमेंट १८९५ पासून सायकली बनवत होते, १९०५ पासून मोटारी. जर्मनीची फोक्सवॅगन आली १९९१ मध्ये. बोहेमिया, म्हणजे आजच्या चेकियाचा पश्चिम भाग, हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचाच कारखानदार पट्टा होता. तिथले कारखाने काही परवा कुणी ट्रकवर लादून नेलेले नाहीत.

आता टाळं. यात अर्धं सत्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९२० च्या सुमारास ब्रिटनच्या कोळसा खाणींत बारा लाखांच्या आसपास माणसं होती. शेवटची खोल खाण, केलिंग्ली, डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. ही घट कुठल्याही व्याख्येमागे लपत नाही. पण सगळी घट अशी नसते. युरोपच्या 'नेस' या वर्गवारीत प्रत्येक व्यवसायाला एक अक्षर आहे. कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढणारा माणूस कंपनीच्या पगारपत्रकावर असेपर्यंत 'सी', म्हणजे उत्पादन. कँटीनचं कंत्राट बाहेर गेलं की माणूस तोच, पळी तीच, पण अक्षर 'आय', खानपान सेवा. सफाई, पहारा, वाहतूक यांचंही तेच. आणि एजन्सीने पाठवलेला कामगार दिवसभर असेंब्ली लाइनवर बोल्ट आवळत असला, तरी जर्मनीच्या राष्ट्रीय लेख्यांत तो 'एन' खाली, सेवाक्षेत्रात.

चाकणला नोकरी केलेल्यांना यातली मेख पटकन कळेल. आपल्याकडच्या वार्षिक उद्योग पाहणीत ठेकेदारामार्फत आलेला कामगार कारखान्यातच मोजतात, आणि असे कामगार आता ४० टक्क्यांच्या घरात आहेत. जर्मन पद्धत लावली तर यातले किती उत्पादनक्षेत्रातून नाहीसे होतील, बघा.

रुमानियाचा किस्सा तर निव्वळ कागदी आहे. २०२० पर्यंत तिथले सुमारे पाचवा हिस्सा लोक शेतीत दिसत. २०२१ मध्ये युरोपीय संघाने श्रमबल सर्वेक्षणाची व्याख्या बदलली: फक्त किंवा मुख्यतः घरच्यापुरतं पिकवणारा यापुढे 'रोजगारात' धरायचा नाही. परसात मका, चार कोंबड्या, एक गाय असलेली आजी २०२० मध्ये शेतकरी होती, पुढच्या वर्षी तक्त्यातून गेली. गाय गोठ्यातच होती.

नकाशा डोकी मोजतो, तास नाही, हेही आहेच. एप्रिल २०२० मध्ये जर्मनीत सुमारे ६० लाख लोक 'कुर्त्सआर्बाइट'वर होते: काम कमी किंवा शून्य, बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी विम्यातून, नोकरी शाबूत. कितीतरी कारखान्यांच्या लाइनी बंद होत्या, आणि नकाशावर मात्र हे सगळे कामावर हजर.