सी-विंगवरचा अन्याय

आमच्या सोसायटीत सी-विंग कधीच हरत नाही. सी-विंगवर फक्त अन्याय होतो. गेल्या रविवारी तो सहा-एक असा झाला.

नेरूळच्या आमच्या सोसायटीमागे थोडी मोकळी जागा उरली आहे. बिल्डरची नजर चुकली असावी. तिथे रविवारी सकाळी ए-विंग विरुद्ध सी-विंग असा फुटबॉल होतो. बी-विंगमध्ये बहुतेक निवृत्त मंडळी. ती "काचा सांभाळा" एवढं सांगायला खाली येतात आणि मग गॅस नको म्हणून चालत राहतात. मी बी-विंगचा. गुडघ्याचं लिगामेंट गेल्यावर डॉक्टरांनी पळायला मनाई केली, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, तुम्ही ए नाही, सी नाही आणि पळणारही नाही. तुमच्याइतका तटस्थ माणूस आणायचा कुठून?" ज्या कामासाठी लोक परीक्षा देतात, फिटनेस टेस्ट देतात, ते मला बिघडलेल्या गुडघ्यावर मिळालं. शिट्टी वॉचमनची. ती वाजली की गेटवरचा डिलिव्हरीवाला गाडी थांबवतो, रिव्हर्स घेणारे काका थांबतात. सी-विंगचा डिफेन्स तेवढा थांबत नाही.

सी-विंगचं म्हणणं साधं आहे. आम्ही हरायला लागलो की शिट्टी आमच्याच विरुद्ध वाजते. त्यांनी याचा हिशोबसुद्धा ठेवलाय. सातशे दोनमधले काका वहीत रेघा मारतात, ए-विंगच्या फाउलना निळ्या पेनने आणि आपल्या विंगच्या फाउलना लाल. वही उघडली की नुसती लाल दिसते. "हे बघा, हा पुरावा!"

आता पुरावा खोटा नाही. पण चेंडू ज्याच्या पायात आहे, तो लाथ कशाला मारेल? लाथ मारतो तो, ज्याला चेंडू हवा असतो आणि मिळत नसतो. सी-विंगला सकाळी सातपासून चेंडू हवा असतो. दुसरा गोल खाल्ला की त्यांचे पाय चेंडू सोडून नडग्या शोधायला लागतात. मग शिट्टी, शिट्टीवर वाद, वादावर यलो कार्ड, आणि कार्डावर "बघा, आम्हालाच देतात!" ही गाडी एकदा सुरू झाली की थेट सहा-एकलाच थांबते.

कार्डांची आमच्याकडे जरा अडचण आहे. पिवळं म्हणून मी कुठल्याशा पिझ्झाच्या ऑफरचा कागद दाखवतो, लाल म्हणून कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. ती दाखवली की गोलकीपर विचारतो, "काका, जेवण आहे का?" या कार्डांचा जन्म मोठा रंजक आहे. 1966 च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन रेफरीने अर्जेंटिनाच्या कप्तानाला, रॅटिनला, बाहेर काढलं. दोघांना एकमेकांची भाषा येईना, आणि रॅटिन मैदानातून हलेना. पुढे केन अ‍ॅस्टन नावाच्या इंग्रज रेफरीला ट्रॅफिक सिग्नल बघून सुचलं, की पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. अ‍ॅस्टनसाहेब पाम बीच रोडच्या सिग्नलला उभे असते तर पिवळा म्हणजे दाबा अ‍ॅक्सिलरेटर, हा फुटबॉलचा नियम झाला असता. सी-विंग अजूनही तोच पाळते.

रेफरी चुकत नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. 2006 च्या विश्वचषकात श्टुटगार्टला रेफरी ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला एकाच सामन्यात दोनाऐवजी तीन यलो कार्डं दाखवली, तेव्हा कुठे तो बाहेर गेला. 2010 च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध एक-दोनने मागे असलेल्या इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू गोलच्या आडव्या बारला लागून रेषेच्या चांगला आत पडला. घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्यांना तो दिसला, रेफरीला नाही. इंग्लंड चार-एकने हरलं. चार वर्षांनी विश्वचषकात चेंडू रेषेच्या आत गेला का ते सांगणारं गोललाइन तंत्रज्ञान आलं. आमचा एक गोलपोस्ट म्हणजे तुळशीच्या दोन कुंड्या. बार नाही. त्यामुळे वरून गेलेला प्रत्येक चेंडू ए-विंगच्या मते गोल असतो आणि सी-विंगच्या मते पाचव्या मजल्यावर असतो.

आता मला जे खरंच पटतं ते सांगतो. रेफरी झुकतो. पण हरणाऱ्याच्या विरुद्ध नाही, आवाजाच्या बाजूला. स्पॅनिश लीगच्या सामन्यांवर 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यजमान संघ एका गोलने मागे असेल तर रेफरी शेवटी जास्त वेळ वाढवून देतात, एका गोलने पुढे असेल तर लवकर आटोपतं घेतात. म्हणजे हरणाऱ्यावर रेफरीची माया असते, फक्त हरायचं आपल्या घरी. इंग्लंडमध्ये तर काही रेफरींना एकाच सामन्याचं चित्रण दाखवलं, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांचे फाउल कमी धरले. कोणी लाच दिली नाही, धमकी दिली नाही. नुसता कल्ला.

हे वाचून मी गप्प बसलो, कारण आमच्या मैदानावर सगळ्या बाल्कन्या सी-विंगच्या उघडतात. ए-विंगच्या खाडीकडे आहेत. तिथून ओरडलं तर फ्लेमिंगो उडतील, मला ऐकू येणार नाही. सी-विंगच्या मात्र चार मजल्यांवरून वहिनी, आजी, कामाला आलेल्या मावशी, सगळ्या एकदम "ओ, फाउल, फाउल!" करतात. त्यात एक वहिनी सोसायटीच्या खजिनदार. माझ्या पार्किंगचा अर्ज त्यांच्या टेबलावर आहे. तरीही सी-विंग सहा-एकने हरते, तेव्हा माझ्या तटस्थपणाचं कौतुक व्हायला हवं. पण काकांच्या वहीत कौतुकासाठी रंग नाही.

काही खेळाडूंवर रेफरी डूख धरतात, ही दुसरी तक्रार. इथे प्रकरण नाजूक आहे. सी-विंगच्या तीनशे चारमधला धाकटा वाऱ्याने पडतो. पडला की तीन गडगडे, मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघणं, मग पुन्हा कण्हणं. 2018 च्या विश्वचषकात कोस्टारिकाविरुद्ध ब्राझीलचा नेमार पेनल्टी बॉक्समध्ये पाठीवर कोसळला, रेफरीने पेनल्टी दिली आणि व्हीडिओ बघून परत घेतली. आमच्या धाकट्याने तो व्हीडिओ अर्धाच पाहिला असावा, पेनल्टी देईपर्यंतचा. मध्ये एकदा ए-विंगच्या पोराने त्याला खरोखरच पाडलं. मी स्वच्छ पाहिलं, शिट्टी वाजवली, फ्री किक दिली. तर तिसऱ्या मजल्यावरून त्याची आईच ओरडली, "काका, देऊ नका हो! नाटकं करतोय. ए, ऊठ, आंघोळ व्हायचीय अजून!" फ्री किक मी दिली, पण ती घेताना त्याचा चेहरा पाहवत नव्हता. नाव खराब झालेल्या खेळाडूचं खरं दुखणंही कुणाला खरं वाटत नाही, आणि हा अन्याय एकट्या रेफरीचा नसतो.

उलट ए-विंगचा कप्तान. उंच, देखणा, मराठी-हिंदी-इंग्रजीत गोड बोलणारा. खांदा मारून माणूस आडवा करतो आणि स्वतःच हात देऊन उठवतो. "सॉरी काका, चुकून हं." अशा माणसासमोर मुंजीची पत्रिका काढताना हात जड होतो. मी काढतो. पण जड होतो.

चिडून मैदान सोडण्याची पद्धतही सी-विंगने आणली. 2023 च्या मार्चमध्ये बंगळुरूत आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, बाद फेरीत, जादा वेळेत, बंगळुरूच्या सुनील छेत्रीने केरळा ब्लास्टर्सच्या खेळाडूंची भिंत उभी राहायच्या आत फ्री किक मारून गोल केला. रेफरीने तो दिला आणि ब्लास्टर्सचा सगळा संघ मैदान सोडून निघून गेला. नंतर चार कोटींचा दंड झाला. आमच्याकडे एकदा चौथा गोल असाच झटपट पडला आणि सी-विंग निघून गेली. जाताना चेंडू घेऊन गेली, कारण चेंडू त्यांचा. ए-विंगकडे पंप होता. दोन विंगांमध्ये तहाची बोलणी नाश्त्यापर्यंत चालली, आणि पोह्यांच्या वासाने तह झाला. दंडाचा विषय मी काढला, तर काकांनी विचारलं, "मेंटेनन्समध्ये लावणार की वेगळी पावती?"

खरं तर हरणाऱ्याचं सगळ्यात मोठं दुःख वेगळंच असतं. आमच्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये 30 ऑक्टोबर 2022 ला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली. स्पेनने कोलंबियाला एक-शून्य हरवलं आणि तो एकमेव गोल कोलंबियाच्याच खेळाडूकडून झालेला स्वयंगोल होता. त्या पोरींना रेफरीला शिव्या घालायचीही सोय उरली नाही. सी-विंगला मी निदान ती सोय तरी दर रविवारी फुकट देतो.

शेवटी विषय सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गेला. टाकीची गळती, भटकी कुत्री आणि तिसरा मुद्दा, रेफरीचा पक्षपात. काकांनी वही फिरवली. ए-विंगच्या कप्तानाने माझ्या बाजूने इतकं सुंदर भाषण केलं, की उरलासुरला संशयही पक्का झाला. व्हीएआर, म्हणजे व्हीडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायची सोय, बसवावा अशी सूचना आली; पार्किंगचा सीसीटीव्ही मैदानाकडे वळवायचं ठरतच होतं, तेवढ्यात ज्यांची स्कूटर गेल्या महिन्यात चोरीला गेली ते उभे राहिले आणि सूचना बारगळली. मग सातशे दोनच्या काकांनी ठराव मांडला, की बाहेरून पात्र रेफरी बोलवावा. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी शांतपणे विचारलं, "त्याचे पैसे कोण देणार?"

सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मग सूचक सातशे दोन, अनुमोदक खजिनदार वहिनी, अशी माझी पुढच्या वर्षासाठी एकमताने नेमणूक झाली. पक्षपाताचा ठपका इतिवृत्तात कायम ठेवावा, एवढी विनंती सी-विंगने केली. ती मान्य झाली.