चिनी पोर्क-भाजीवरचे आरोप किती खरे?

'चायनीज पोर्क म्हणजे तेलात पोहणारी चरबी, करपलेल्या भाज्या, अजिनोमोटोचं विष आणि मेंदूत शिरणारे जंत!' हा मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोय आणि लोक न तपासता पुढे पाठवताहेत. चीनमध्ये घरोघरी होणारी छिंगज्याओ रौस, म्हणजे ढोबळी मिरची आणि पोर्कच्या पट्ट्या, समोर ठेवून हे आरोप तपासू.

चरबी किती, हे तुकड्यावर ठरतं. पोटाकडच्या मांसात १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास चरबी असते, हे खरंच. पण या पदार्थाला बहुधा कण्यालगतचं मऊ मांस घेतात. त्यात चरबी तीन-चार ग्रॅम, प्रथिनं सुमारे २० ग्रॅम. शिवाय ब१ जीवनसत्त्व चिकन-मटणापेक्षा कितीतरी जास्त.

भाज्या करपतात म्हणणाऱ्यांनी हा पदार्थ होताना बघावा. मांसाच्या बारीक पट्ट्यांना सोया सॉस, तांदळाची वाइन आणि थोडं कॉर्नफ्लॉर चोळतात. त्या पातळ थरामुळे मांस कोरडं पडत नाही. कढई चांगली तापली की पट्ट्या झटपट परतून बाजूला काढायच्या, मग आलं-लसूण आणि मिरची, दोनेक मिनिटं, आणि शेवटी सगळं एकत्र. मिरची हिरवीगार राहते, दाताखाली कुरकुरते. हीच तर या पदार्थाची मजा! क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं. भाजी उकडून पाणी ओतून देण्यात ते जितकं जातं, तितकं यात जात नाही.

अजिनोमोटोची भीती १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रातून पसरली. ते पत्र होतं, संशोधन नव्हे. पुढच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणाला ठरावीक त्रास जोडता आला नाही. अजिनोमोटोतला मुख्य घटक म्हणजे ग्लुटामेट, आणि ते टोमॅटोतही असतंच.

जंतांचा मुद्दा सर्वांत दिशाभूल करणारा. अर्धकच्च्या पोर्कमधून आतड्यात पट्टकृमी (टेपवर्म) होऊ शकतो. पण इतक्या बारीक पट्ट्या तापल्या कढईत आतपर्यंत शिजतात. मेंदूतल्या गाठी होतात त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ती येतात माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, अस्वच्छ हातांतून. जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही हा आजार होतो. पोर्ककडे बोट दाखवून लोकांना कोशिंबिरीची भाजी धुण्याबाबत बेफिकीर करणं मला धोकादायक वाटतं.

मेसेजमध्ये नसलेला एक दोष मात्र खरा आहे: मीठ. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० आहे. रक्तदाब असलेल्यांनी सॉस मोजूनच घालावा आणि वरून मीठ घालू नये.