म्हणे, डॉक्टरकडे नेलंत तर पोरगं आत जाईल!

परवा मावशीचा फोन आला. मावशी सदाशिव पेठेत राहते, आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेची दोन मुलं कॉट बेसिसवर ठेवते. पाण्याच्या वेळेपासून सुरुवात करून शेवटी आवाज खाली आणत तिनं विचारलं, "अगं, नशेसाठी एखाद्या मुलाला डॉक्टरकडे नेलं, तर ते पोलिसांना कळवतात का गं?" कोणासाठी विचारतेस म्हटलं, तर "आमच्या ओळखीत आहेत एक बाई." मग म्हणाली, "तो मेसेज आलाय ना सगळीकडे."

तो मेसेज मलाही तीन ग्रुपवर येऊन गेला होता. ‘पुणेकरांनो सावधान! अतिरेकी व ड्रग्जविरोधी नवा कायदा’ आणि खाली चार इशारे. पोलीस कधीही, कुणाच्याही घरात घुसू शकतात. भाडेकरू अतिरेकी किंवा ड्रग्जवाला निघाला तर घरमालक थेट १० वर्षं आत, म्हणून बाहेरगावच्या मुलांना खोली देऊ नका. शाळांबाहेर स्ट्रॉबेरीच्या वासाच्या गोळ्यांतून ड्रग्ज वाटतात. आणि चौथा: मुलगा नशा करत असेल तर दवाखान्यात नेऊ नका, डॉक्टरला पोलिसांत कळवावंच लागतं आणि किमान १० वर्षांची शिक्षा होते. वाचून मी हसून सोडून दिला होता. मावशीच्या फोननंतर हसू येईना.

म्हणून चौथ्यापासूनच सुरू करते. कायदा नवा वगैरे काही नाही. अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, १९८५चा आहे. सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो. मी तासभर बसून वाचला, मेसेज लिहिणाऱ्यानंही वाचायला हरकत नव्हती. १० वर्षं किमान शिक्षा आहे ती ‘व्यावसायिक प्रमाणा’साठी. गांजा असेल तर २० किलोच्या वर, एमडी (मेफेड्रोन नावाचं रासायनिक ड्रग) असेल तर ५० ग्रॅमच्या वर. ज्याच्या घरात २० किलो गांजा आहे त्याला व्यसनी म्हणत नाहीत, दुकानदार म्हणतात. नुसत्या सेवनाला कलम २७ आहे: कोकेन, हेरॉइनसारख्या पदार्थांसाठी जास्तीत जास्त १ वर्ष किंवा २० हजार दंड किंवा दोन्ही, बाकीच्यांसाठी ६ महिने किंवा १० हजार किंवा दोन्ही.

आणि मग येतं कलम ६४अ. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला गेला आणि त्यानं ते घेतले, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकले तर ही सूट काढून घेता येते, एवढीच अट. म्हणजे मेसेजवाला ज्या दारातून जाऊ नका म्हणतोय, नेमकं तेच दार कायद्यानं उघडं ठेवलंय. राहिला डॉक्टर. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून येणारे त्रासही मोडतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. त्याला कोर्टाचा आदेश वगैरे मोजके अपवाद आहेत. ‘कळवावंच लागतं’ ही थाप आहे. आपल्याकडे येरवड्यात १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे. तिथं गेलेली माणसं उपचार घेऊन आपापल्या घरी परततात.

मला संताप याचा येतो, की अशा मेसेजनं लपवालपवी वाढते. आई पैसे देते, बाप बोलणं टाकतो, मुलगा उधारीवर माल घेतो. उधारी चढली की विकणारा म्हणतो, जा, एवढ्या दोन पुड्या पोहोचवून ये. तिथून पुढे तो नुसता व्यसनी राहत नाही, आणि मग मोठं कलम खरंच लागू शकतं.

घरमालकाचं आता. एनडीपीएसचं कलम २५ असो की यूएपीएचं, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचं, कलम १९, दोन्हींत शब्द आहे ‘जाणूनबुजून’. ठाऊक असताना जागा दिली, आसरा दिला, तर गुन्हा. अर्धसत्य एवढंच, आणि ते नाइलाजानं मान्य करते, की भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. तसा आदेश असतो, तो मोडला तर गुन्हा दाखल होतो. "तू दिलीस का?" विचारलं तर मावशी गप्प. माहिती दिलेली नाही, पण मेसेज वाचून परभणीच्या मुलाला महिनाअखेर दुसरीकडे बघायला सांगून झालं होतं! बिचाऱ्यानं पुस्तकं खोक्यात भरायलाही घेतली होती.

अतिरेकी कसे सापडतात हे पुण्यातच बघायला मिळालंय. जुलै २०२३मध्ये कोथरूडला रात्रपाळीच्या गस्तीवरच्या पोलिसांनी मोटारसायकल चोरणारे म्हणून दोघांना धरलं, आणि ते एनआयएला, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेला, हवे असलेले निघाले. राहायला होते कोंढव्यात. जर्मन बेकरीच्या बॉम्बस्फोटात १७ जीव गेलेल्या या शहरात सावध राहू नका असं कोण म्हणेल? पण सावधपणा म्हणजे भाडेकरूंची नोंद आणि गस्त. परभणीचं आडनाव बघून खोली नाकारणं याला सावधपणा म्हणत नाहीत.

घरात घुसण्याचं थोडं खरं आहे. एनडीपीएसच्या कलम ४२नुसार वॉरंटशिवाय झडती घेता येते. पण मिळालेली माहिती लेखी नोंदवून ७२ तासांत वरिष्ठांना कळवावी लागते, रात्री शिरायचं तर वॉरंटसाठी का थांबता आलं नाही हेही लिहावं लागतं. अंगझडती घ्यायची तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं म्हणायचा हक्क आहे आणि तो हक्क पोलिसांनी आधी सांगावा लागतो. बाईची झडती बाईनंच घ्यायची. जुलै २०२४पासून झडतीचं चित्रीकरणही करावं लागतं.

स्ट्रॉबेरीच्या गोळ्या ही २००७ची अमेरिकेतली अफवा, तिकडून फिरत फिरत आली. ड्रग्ज पुण्यात नाहीत असं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये शहरात पकडलेल्या मालाचा माग काढत पोलीस कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापर्यंत गेले, आणि सगळं मिळून १,७०० किलोच्या वर एमडी निघालं. ते कारखान्यात बनत होतं, चॉकलेटच्या कागदात नव्हतं.

मावशीनं ६४अ दोनदा विचारून कालनिर्णयवर लिहून घेतलं. परभणीच्या मुलाची पुस्तकं परत फळीवर गेलीत, त्याच्या आधारकार्डाची झेरॉक्सही काढून झाली. सोमवारी ती ‘ओळखीतल्या बाईं’सोबत येरवड्याला जाणार आहे. मी येऊ का म्हटलं तर म्हणाली, "नको, त्यांना अवघडल्यासारखं होईल."